मोरसच्या खाजणांनाही नकाशावर जागा द्या : एक खुले पत्र

प्रति,
कांदळवन कक्ष, वन विभाग, महाराष्ट्र शासन
आणि
महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण

विषय : किनाऱ्याचे नकाशे तयार करताना व कांदळवन लागवडीच्या जागा ठरवताना, मोरस या खाडीकाठच्या रानभाजीच्या खाजणांची, म्हणजे ती जिथे वाढते त्या खाऱ्या पाणथळींची, स्वतंत्र नोंद घेण्याबाबत.

महोदय / महोदया,

2012 मध्ये कांदळवन कक्षाची स्थापना झाल्यापासून आपल्या खाड्यांमधल्या तिवरांना, म्हणजे कांदळवनातल्या झाडांना, जे दिवस आले आहेत, ते त्याआधीची भरावाची आणि तोडीची वर्षे पाहिलेल्या माणसाला सहजासहजी खरे वाटणार नाहीत. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, 2020 मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाला, आणि खाडीकाठच्या शाळांमधली मुले आज कांदळवनाविषयी न अडखळता चार वाक्ये बोलू शकतात. या कामाबद्दल मनापासून आदर बाळगूनच हे पत्र लिहीत आहे. त्यात तक्रारीपेक्षा विनंती अधिक आहे. ती विनंती मात्र नेमकी आहे आणि लागवडीच्या पुढच्या हंगामाआधी तिचा विचार व्हावा, अशी अपेक्षा आहे.

तिवरांच्या मागे, जमिनीच्या बाजूला, जिथे झाडे विरळ आणि खुजी होत जातात आणि पुढे चिखलच उरला आहे असे लांबून वाटते, तिथे घोट्याएवढ्या, फार तर गुडघ्याएवढ्या उंचीची एक मांसल वनस्पती पसरलेली असते. आगरी, कोळी आणि वसईकडची मंडळी तिला मोरस म्हणतात. वनस्पतिशास्त्रात ती सुएडा या प्रजातीत मोडते आणि खाण्यात येते ती बहुतेक सुएडा मॅरिटिमा. तिची पाने एक ते तीन सेंटीमीटर लांब, एका बाजूने चपटी, दुसऱ्या बाजूने गोलसर आणि रसाने भरलेली असतात. एखादे पान चिमटीत दाबले, तर त्यातून निघणारे पाणी जिभेला सरळ खारट लागते. फुले पानांच्या बेचक्यात बसलेली, हिरवट आणि इतकी बारीक की भिंग नसेल तर ती फुले आहेत हेही कळू नये. उन्हाळा तापला आणि चिखलावर मिठाची पांढरी पापडी धरली, की हिरवी मोरस तांबूस आणि मग जांभळट होऊ लागते. बीटाला ज्या गटातल्या रंगद्रव्यांमुळे लाली येते त्याच गटातली रंगद्रव्ये इथेही असतात, आणि त्यात आश्चर्य काही नाही, कारण बीट, पालक, माठ, राजगिरा आणि मोरस ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत. मोरसच्या शेजारी बऱ्याचदा धापा, म्हणजे सेसुव्हियम, जमिनीवर लोळलेला आढळतो. त्याची पाने जाड व चकचकीत, फुले गुलाबी आणि कूळ वेगळे. पण राहणी तीच.

या पट्ट्याची जागा भरती-ओहोटीच्या हिशेबाने ठरते, आणि हा हिशेब खाडीकाठच्या कोणत्याही माणसाला पाठ असतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत भरतीचे पाणी तिवरांपर्यंत येऊन परत फिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र ते त्यांच्यामागच्या उंचवट्यावर चढते आणि पुढचे कित्येक दिवस तिकडे फिरकत नाही. मधल्या दिवसांत उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. या उंचवट्याच्या मातीतले पाणी कोरड्या महिन्यांत त्याहूनही खारट होते. खारेपणा सोसण्यात तिवराइतके कणखर झाड आपल्या किनाऱ्यावर दुसरे नाही, पण या मातीत तेही खुरटते किंवा मरते. मोरस तिथेच नांदते. तात्पर्य, तिवर तोडल्यामुळे उरलेली ही रिकामी जागा नव्हे. उताराने, पाण्याने आणि मिठाने मिळून आखलेला हा खाडीचा स्वतंत्र भाग आहे.

तिवर पानांवरच्या ग्रंथींवाटे मीठ बाहेर टाकते. मोरसकडे तशा ग्रंथी नाहीत. ती मीठ आत घेते आणि प्रत्येक पेशीच्या मध्यभागी असलेल्या पिशवीसारख्या रसधानीत कोंडून ठेवते, म्हणजे पेशीच्या बाकीच्या नाजूक कारभाराला त्याचा उपद्रव होत नाही. त्या बाकीच्या भागातून पाणी रसधानीकडे ओढले जाऊ नये, म्हणून तिथे ग्लायसीन बिटेनसारखे निरुपद्रवी पदार्थ साठवून दोन्ही बाजूंचा तोल राखला जातो. पाने मांसल होतात ती यामुळेच: घेतलेले मीठ पातळ करायला पाणी हवे आणि पाण्याला जागा हवी. या व्यवस्थेवर तिचे जगणे इतके बेतलेले आहे, की गोड्या पाण्यावर वाढवलेली मोरस थोड्या खाऱ्या पाण्यावर वाढवलेल्या मोरसपेक्षा खुजी राहते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने हिच्याच एका भावकीतल्या वनस्पतीपासून, सॅलिकॉर्निया ब्रॅकिएटापासून, वनस्पतिजन्य मीठ तयार करण्यापर्यंत मजल मारली आहे. शेजारच्या राज्यात ज्या गटातल्या वनस्पतींवर प्रयोगशाळा चालतात, त्यांची आपल्या नकाशांवर नोंदही नसावी, ही विसंगती मला खटकते.

आता कायद्याकडे वळतो. किनारी नियमन क्षेत्राच्या 2011 च्या आणि त्यानंतर 2019 च्या अधिसूचनेत, परिस्थितिकीदृष्ट्या सर्वांत संवेदनशील मानल्या गेलेल्या पहिल्या वर्गात कांदळवने, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या आणि जीवसृष्टीने समृद्ध दलदली यांच्या बरोबरीने खाऱ्या पाणथळींचाही, म्हणजे मोरससारख्या वनस्पतींच्या या खाजणांचाही, स्पष्ट उल्लेख आहे. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने उपग्रहचित्रांवरून केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहातही त्यांचा वेगळा वर्ग आहे. म्हणजे कायद्यात तरतूद आहे आणि शास्त्रीय वर्गीकरणात नावही आहे. अडचण आहे ती जमिनीवर आणि कागदावर. मुंबई उच्च न्यायालयाचा 2005 चा अंतरिम आदेश आणि सप्टेंबर 2018 चा अंतिम निकाल यांनी कांदळवनांना व त्यांच्याभोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्याला जे कवच दिले, त्याचा लाभ तिवरांना लागून असलेल्या मोरसला आपोआप झाला, हे खरे. पण तो शेजारामुळे झालेला लाभ आहे. जिथे तिवरांची रांग नाही, किंवा मोरसचा पट्टा 50 मीटरच्या पलीकडे पसरला आहे, तिथे तिच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही. अशा जमिनीला पाहणी अहवालात ‘ओसाड’ किंवा ‘पडीक’ म्हटले जाते, मग कोणी तिथे राडारोडा आणून टाकतो, आणि दोन पावसाळ्यांनंतर भरावावर गवत आले की ती जमीन मुळात कशी होती हे सिद्ध करणे अशक्य होऊन बसते.

यात हेतूचा दोष कमी आणि मोजपट्टीचा अधिक आहे, असे माझे मत आहे. किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखडे 1:25,000 या प्रमाणात केले जातात. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 25 मीटर. कोकणातल्या अरुंद खाड्यांमध्ये डोंगर जवळ आणि उतार तीव्र असल्यामुळे मोरसचा पट्टा पुष्कळ ठिकाणी जेमतेम वीस मीटर रुंद असतो; म्हणजे आराखड्यावर त्याची रुंदी 0.8 मिलिमीटर, भरतीरेषेच्या शाईत बुडून जाणारी. त्यातून उपग्रहाच्या नजरेला तिवरांची दाट हिरवी छत्री स्पष्ट दिसते, पण विरळ, ऋतूप्रमाणे रंग बदलणारी, अर्धी चिखलात मिसळलेली मोरस चिखल म्हणूनच मोजली जाण्याची शक्यता मोठी. स्थानिक पातळीवरच्या 1:4,000 प्रमाणाच्या नकाशांवर हाच पट्टा पाच मिलिमीटर रुंद होईल आणि त्यावर सर्व्हे क्रमांकही बसतील. तेव्हा त्या नकाशांवर हा पट्टा पायी फिरून, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, आखून घ्यावा, ही माझी पहिली विनंती आहे. स्थानिक महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी हे काम उत्साहाने करतील. मी अनेक वर्षे याच विषयाचा शिक्षक होतो, त्यामुळे हे खात्रीने सांगू शकतो.

दुसरी विनंती अधिक नाजूक आहे, कारण ती चांगल्या हेतूने चाललेल्या कामाविषयी आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारची कांदळवन लागवडीची मिष्टी योजना आली आणि किनाऱ्यावर या लागवडीला जोर आला. शिवाय प्रकल्पांत तोडल्या जाणाऱ्या कांदळवनांच्या बदल्यात करायची लागवड असतेच, आणि मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून होणारी लागवडही असते. या सगळ्यांना जागा लागते. भरतीचे पाणी पोहोचते पण झाडे नाहीत अशी, वादात नसलेली, शेतकऱ्याच्या बांधाबाहेरची जमीन शोधायला निघालेल्या माणसाला पहिली दिसते ती मोरसची खाजण. मी राहतो त्या रायगडच्या खाडीकाठी अशाच एका जागेवर कोणीतरी तिवराची रोपे लावली होती. सरळ रांगा, प्रत्येक रोपाला काठीचा आधार, आणि त्या रांगांसाठी खुरपून बाजूला ढीग केलेली मोरस. पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक काठ्या उभ्या होत्या, रोपे नव्हती, आणि मोरस रांगांच्या मधूनच परत उगवू लागली होती. तिथे ती निदान परतली. चर खणून पाणी खेळवले असते आणि तिवरे जगली असती, तर तीही संधी तिला मिळाली नसती, आणि अहवालात त्या कामाची नोंद यश म्हणून झाली असती.

इथे एक भेद करायला हवा, नाहीतर माझे म्हणणे कांदळवन लागवडीच्याच विरोधात आहे असे वाटेल. तामिळनाडूतल्या पिचावरमला दीर्घकाळ सरसकट तोड झाली. झाडे गेल्यावर उघडी पडलेली जमीन खचली, तिच्यात पाणी साचून आटू लागले, खारेपणा वाढला आणि जिथे पूर्वी कांदळवन होते तिथे सुएडाने बस्तान बसवले. तिथे एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान आणि तामिळनाडूचा वन विभाग यांनी माशाच्या काट्याच्या आकाराचे चर खणून भरती-ओहोटी पुन्हा खेळती केली आणि कांदळवन परत आणले. ते योग्यच झाले, कारण तिथली सुएडा ही बिघाडाची खूण होती. आपल्याकडेही भराव, रस्ता किंवा तोंड बुजलेली मोरी यांमुळे पाणी अडून तिवरे मेली आहेत आणि त्यांच्या बुंध्यांमध्ये मोरस उगवली आहे, अशा जागा आहेत. तिथे आधी पाण्याची वाट मोकळी करून मग लागवड अवश्य करावी. पण जिथे जुन्या बुंध्यांचा मागमूस नाही, जुन्या हवाई छायाचित्रांत आणि उपग्रहचित्रांत कधी झाडे दिसत नाहीत आणि फक्त उधाणाचे पाणी चढते, ती मोरसची मूळची जागा आहे. या दोन प्रकारांतला फरक ओळखणे फारसे अवघड नाही. लागवडीच्या प्रस्तावात जागेचा पूर्वेतिहास, जमिनीची उंची आणि मातीतल्या पाण्याचा खारेपणा या तीन गोष्टी सक्तीच्या केल्या, तर बहुतेक चुका कागदावरच थांबतील.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर हा प्रश्न लागवडीशिवायच उभा राहिला. तिथे कांदळवने स्वतःहून जमिनीच्या दिशेने सरकली आणि त्यांनी खाऱ्या पाणथळींचा मोठा हिस्सा व्यापला; न्यू साउथ वेल्स राज्याने 2004 मध्ये या पाणथळींना धोक्यातल्या परिसंस्थांच्या यादीत घातले. समुद्राची पातळी वाढत असताना आपल्याकडेही तिवरे मागे सरकतील, आणि खरे तर मोरसनेही त्यांच्यामागे सरकायला हवे. पण तिच्यामागे काय आहे? खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीच्या पट्ट्यात, खारे पाणी अडवणारे खारभूमीचे बांध आहेत, मुंबई-ठाण्यात रस्ते आणि इमारतींच्या संरक्षक भिंती आहेत. पुढून पाणी आणि झाडे, मागून बांध, अशा कैचीत हा वीस मीटरचा पट्टा सापडणार आहे. बांध हटवा, असे मी म्हणत नाही. आतल्या भातशेतीचे पोट त्या बांधांवर आहे, आणि बांधाला खांड पडली की काय होते हे खारेपाटातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. निदान जिथे मागे मोकळी सरकारी जमीन किंवा बंद पडलेली मिठागरे आहेत, तिथे ती मोरसला सरकायला राखून ठेवता येईल. मुंबईतल्या मिठागरांच्या जमिनी एकापाठोपाठ एक गृहनिर्माणासाठी मागितल्या जात असताना हे म्हणणे भाबडे ठरेल याची मला कल्पना आहे. तरीही ते नोंदवून ठेवतो.

या उघड्या पट्ट्याचे इतरही भाडेकरू आहेत. हिवाळ्यात येणारे चिखले आणि पाणटिवळ्यांसारखे किनारपक्षी ओहोटीला चिखलावर चरतात आणि भरती चढली की विसाव्यासाठी उंच, मोकळी, चहूकडे नजर पोहोचेल अशी जागा शोधतात. दाट झाडी त्यांना नको असते, कारण तिच्या आडून ससाणा कधी येईल याचा नेम नसतो. अशी जागा म्हणजे मिठागरांचे बांध आणि मोरसची खाजणे. कार्बनचा हिशेब मांडणाऱ्यांसाठी सांगायचे, तर हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीने पाणथळींविषयी 2013 मध्ये दिलेल्या मार्गदर्शिकेत कांदळवने, खाऱ्या पाणथळी आणि समुद्री गवताची कुरणे या तिघांचाही विचार केला आहे. कार्बनच्या नावाखाली एकीला उपटून दुसरी लावण्यात नेमका किती फायदा होतो, हे म्हणूनच मोजूनच ठरवावे लागेल.

राहता राहिली माणसे. मोरसचे कोवळे शेंडे खुडून आणायचे काम बहुधा बायका करतात. घरी आणल्यावर ते तीन-चार पाण्यांनी चिखल जाईपर्यंत धुवायचे, उकळायचे, ते पाणी ओतून टाकायचे आणि भाजी घट्ट पिळून घ्यायची. मग कांद्यावर परतून कोणी चणाडाळ घालते, कोणी सुका जवळा घालते. मीठ घालायचे नसते, आणि नवख्या सुनेने सवयीने चिमूटभर घातले तर त्या दिवशी भाजी कोणाच्याही घशाखाली उतरत नाही. उकळलेले पाणी टाकून देण्याच्या या रीतीत जास्तीचे मीठ तर जातेच, शिवाय या कुळातल्या भाज्यांमध्ये असणारे ऑक्झलेट हे नकोसे द्रव्यही बरेचसे निघून जाते. उरलेले वाटे टोपलीतून बाजारात जातात. ही कमाई मोठी नसते, पण ती त्या बाईच्या हातात येणारी रोख रक्कम असते.

म्हणून संरक्षण मागताना मला एक धास्तीही वाटते. खाजण नकाशावर आली, राखीव झाली आणि दुसऱ्या दिवशी शेंडे खुडणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवून हाकलले, असे होता कामा नये. मुळासकट न उपटता हाताने शेंडे खुडले, तर झुडपाला नवे फुटवे येतात. घरच्या आणि किरकोळ विक्रीच्या खुडणीला मुभा आणि यंत्राने किंवा घाऊक काढणीला मनाई, असा साधा नियम करता येईल. जैवविविधता कायदा 2002 नुसार स्थानिक संस्थांमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत आणि त्यांनी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. खाडीकाठच्या गावांच्या नोंदवह्यांत मोरसची ठिकाणे, खुडण्याची रीत आणि खुडणारी कुटुंबे यांची नोंद व्हावी, आणि ती करताना त्या बायकांना विचारावे. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांत डोंगरातल्या भाज्यांचे कौतुक होते ते योग्यच आहे. त्या टेबलावर एक कोपरा खाडीच्या भाजीलाही मिळावा.

याच संदर्भात एक काम मात्र तातडीचे आहे. जी वनस्पती मातीतले क्षार इतक्या सहजतेने आत घेते, ती तिथले जड धातूही घेऊ शकते, आणि मोरस व धापा या दोघांच्याही गोतातल्या वनस्पतींचा विचार प्रदूषित माती स्वच्छ करण्यासाठी होतो तो याच गुणामुळे. कारखान्यांचे सांडपाणी ज्या खाड्यांमध्ये दशकानुदशके गेले आहे, तिथली मोरस खाण्याजोगी आहे की नाही, हे तिची भाजी करणाऱ्या घरांना कळण्याचा हक्क आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मदतीने मुख्य खाड्यांमधल्या मोरसची पाने आणि तिच्या मुळाशी असलेली माती तपासून घ्यावी आणि निष्कर्ष मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर वाचता येतील अशा भाषेत, जाहीर करावेत. निष्कर्ष वाईट आले तर ते लपवण्याचा मोह होईल, तो टाळावा.

लागवडीच्या नव्या जागांची यादी दरवर्षी पावसाळ्याआधी पक्की होते, असे गृहीत धरून शेवटची विनंती करतो. या वर्षीची यादी सर्व्हे क्रमांकांसह संबंधित ग्रामपंचायतींमध्ये आणि कोळीवाड्यांमध्ये निदान एका उधाणापुरते, म्हणजे पंधरा दिवस, लावून ठेवावी आणि हरकतींसाठी एक अधिकारी नेमून द्यावा. त्या पंधरा दिवसांत आपल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाला रायगडच्या खाडीकाठच्या खाजणांमधून फिरून मूळची मोरस आणि बिघाडातून आलेली मोरस जागेवर पाहायची असेल, तर सोबत यायला मी आणि माझे काही जुने विद्यार्थी तयार आहोत. येताना बूट मात्र गुडघ्यापर्यंतचे आणावेत.

आपला विश्वासू,
रायगड जिल्ह्यातील खाडीकाठचा एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक